सह्याद्रि अचल आहे काय ?

(नभोवाणीवरून दिलेलें भाषण)



मुंबईहून पुण्यास आगगाडीनें जातांना कर्जत आलें, कीं गाडीला मागून जादा इंजिनें जोडतात आणि ती घाट चढूं लागते. प्रवासी या वेळीं बटाटेवडे खाण्यांत दंग असतात. परंतु खिडकीशीं बसलेल्या एखाद्यानें समोरच्या डोंगराकडे नीट पाहिलें, तर त्याला एक चमत्कार दिसेल. त्या डोंगराच्या अंगावर आडव्या रेघा ओढलेल्या आहेत. एक कडा, त्याखालीं उतार, पुन्हां कडा, पुन्हां उतार, अशा पायऱ्या तळापासून माथ्यापर्यंत गेल्या आहेत. इतकेंच नव्हे, तर या डोंगरावरील पायरी ज्या उंचीवर आहे, जवळजवळ त्याच उंचीवर ती दरीपलीकडच्या डोंगरावरहि आहे. जणूं एकावर एक भाकऱ्यांची चवड रचावी, आणि मग सुरीनें ती मधोमध कापून दोन भाग अलग करावे ! या रेघा कोणीं ओढल्या, आणि मधली दरी कोणीं कापली, या दोन प्रश्नांचीं उत्तरें मिळालीं, म्हणजे पृथ्वीचें पृष्ठ घडविणाऱ्या आणि मोडणाऱ्या बहुतेक सर्व शक्तींची ओळख होते.

आपल्या पूर्वजांनीं पर्वताला जीं नांवें दिलीं, त्यांत ‘अचल’ हें एक आहे आणि ‘अहार्य’ हें दुसरें. ज्यांनीं लहानपणीं अमरकोश घोकला असेल त्यांना तीं आठवतील. अचल म्हणजे जो हलत नाहीं तो. अहार्य म्हणजे ज्याला कोणी उचलून नेऊं शकत नाहीं तो. पृथ्वीलाहि त्याच कोशांत ‘अचला’ आणि ‘स्थिरा’ म्हटलें आहे. माणसाचें आयुष्य साठ-सत्तर वर्षांचें; तेवढ्या अवधींत डोंगर जागचा हललेला त्याला दिसत नाहीं, म्हणून हीं नांवें पडलीं यांत नवल नाहीं. परंतु मला आज असें सांगावयाचें आहे कीं, आपला सह्याद्रि अचलहि नाहीं आणि अहार्यहि नाहीं. तो हलला आहे, हलत आहे, आणि दर पावसाळ्यांत थोडा थोडा वाहून नेला जात आहे. ही गोष्ट केवळ कुतूहलाची नव्हे. ती ठाऊक नसल्यामुळें, किंवा ठाऊक असून मनावर न घेतल्यामुळें, आपल्या प्रांतांत माणसें मेलीं आहेत.

मी भूगर्भशास्त्रज्ञ नव्हे. मॅट्रिक होऊन मास्तर झालों आणि तीसहून अधिक वर्षें सोलापूर जिल्ह्यांतील शाळांतून मुलांना भूगोल शिकविला. त्या शिकवण्यांत माझ्या हातून एक चूक झाली. ती मी पुढें सांगणार आहें. किंबहुना ती सांगण्यासाठींच मीं हें भाषण पत्करलें. परंतु आधीं त्या रेघांचें पाहूं.

गोष्ट ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वींची आहे. त्या काळीं आपला देश आजच्या जागीं नव्हता. तो विषुववृत्ताच्या दक्षिणेस, आज हिंदी महासागरांत जेथें रियुनियन नांवाचें बेट आहे, त्याच्या आसपास होता. तेथें पृथ्वीच्या पोटांतून उष्णतेचा मोठा लोट वर आला, जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, आणि त्यांतून हजार अंशांहून अधिक तापलेला शिलारस बाहेर पडूं लागला. ज्वालामुखी म्हटला, कीं शंकूसारखा डोंगर आणि त्याच्या शिखरांतून निघणाऱ्या ज्वाळा असें चित्र आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. येथें बहुतांशीं तसें झालें नाहीं. हा रस पातळ होता. उतास आलेल्या दुधाप्रमाणें तो भेगांतून वर आला आणि कोसच्या कोस पसरत गेला. एक थर निवाला, कीं कांहीं काळानें त्यावर दुसरा आला, त्यावर तिसरा आला. आगगाडींतून दिसणाऱ्या त्या रेघा म्हणजे या थरांच्या कडा होत. थराचा कठीण भाग कड्यासारखा उभा राहतो, मऊ भाग झिजून उताराचा होतो, आणि डोंगराला पायऱ्या पडतात. या दगडाला शास्त्रज्ञांनीं ‘ट्रॅप’ असें नांव दिलें, तेंहि पायरी या अर्थाच्या एका स्वीडिश शब्दावरूनच.

दोन थरांच्या मध्यें कधीं कधीं हजारों वर्षांची उसंत मिळे. तेवढ्यांत खालच्या थराचा माथा ऊनपावसानें कुजून त्याची माती होई, डबकीं सांचत, झाडें वाढत, जनावरें पाणी पिण्यास येत. आणि मग पुन्हां शिलारस येऊन तें सारें झांकून टाकी. विहीर खणतांना काळ्या दगडांत मध्येंच जो तांबड्या मातीचा पट्टा लागतो, तो पुष्कळदां अशा एखाद्या जुन्या उसंतीचा असतो. छिंदवाड्याच्या बाजूस अशा गाळांत ताडमाडांच्या जातीच्या झाडांचीं दगड होऊन गेलेलीं खोडें मिळालीं आहेत, आणि मुंबईस वरळीच्या खडकांत लहान लहान बेडकांचे सांगाडे सांपडले आहेत. ज्या वरळीवर आज गगनचुंबी इमारती उभ्या आहेत, तेथें एकेकाळीं दोन अग्निप्रलयांच्या मध्यंतरांत बेडूक डरांव डरांव करीत होते, हें मनांत आलें म्हणजे गंमत वाटते.

आज हा काळा दगड सुमारें ५ लक्ष चौरस किलोमीटर प्रदेशावर पसरलेला आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्यानें व्यापला आहे, आणि गुजराथ, मध्यप्रदेश, कर्नाटक, तेलंगण यांचाहि कांहीं भाग त्याखालीं आहे. सह्याद्रीच्या बाजूस या थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरपर्यंत जाते. पूर्वेकडे ती कमी कमी होत जाते. वेरूळचें कैलास लेणें आणि अजिंठ्याचीं विहारें याच दगडांत कोरलेलीं आहेत. जाड थर सावकाश निवतांना आकसतो, आणि वाळत्या चिखलाला पडाव्या तशा भेगा पडून त्याचे उभे खांब होतात. मुंबईकरांना हें पाहण्यासाठीं लांब जावयास नको. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी म्हणजे अशा सुमारें ६० मीटर उंचीच्या दगडी खांबांचा जुडगाच आहे. तिच्या पायथ्याशीं राहून तिच्याकडे एकदांहि मान वर करून न पाहिलेले लोक मला भेटले आहेत !

कोटि वर्षें म्हटलें कीं ऐकणाऱ्याचे कान बधिर होतात. म्हणून मी वर्गांत एक हिशेब मांडीत असें. पृथ्वीचें वय सुमारें ४६० कोटि वर्षें. दहा कोटि वर्षांना एक वर्ष समजलें, तर पृथ्वी ही ४६ वर्षांची एक प्रौढ बाई ठरते. या मापानें सह्याद्रीचा दगड केवळ आठ महिन्यांपूर्वीं तयार झाला. त्यांतील फार मोठा भाग १० लक्ष वर्षांच्या आंतबाहेर ओतला गेला असें अलीकडील मोजणीवरून दिसतें. म्हणजे या बाईच्या हिशेबानें अवघ्या साडेतीन-चार दिवसांत. आपली मनुष्यजाति पृथ्वीवर आली ती काल. आणि कोयनेचें धरण बांधून किती वेळ झाला ? वीस सेकंद !

आतां हा देश दक्षिणेकडून येथें आला कसा ? पृथ्वीचें कवच अखंड नाहीं. खाली पडलेल्या नारळाच्या करवंटीप्रमाणें त्याचे लहानमोठे तुकडे झालेले आहेत, आणि प्रत्येक तुकडा सरकत असतो. त्याखालचा खडक घन असला तरी उष्णतेमुळें फार सावकाश वाहतो. आपल्या तुकड्याची आजची गति वर्षाला सुमारें पांच सेंटिमीटर आहे. नख वर्षभर न कापलें तर जेवढें वाढेल, जवळजवळ तेवढीच ही गति. परंतु पांच सेंटिमीटरला एक कोटीनें गुणा. ५०० किलोमीटर होतात. पूर्वीं तर ही गति याहून पुष्कळ अधिक होती. अशा रीतीनें उत्तरेकडे येतां येतां, सुमारें ५ कोटि वर्षांपूर्वीं हा तुकडा आशियाच्या तुकड्यावर आदळला. मधल्या समुद्राच्या तळाचा गाळ चुरगळून वर उचलला गेला आणि हिमालय उभा राहिला. जगांतील सर्वांत उंच शिखराच्या माथ्यावर समुद्रांत तयार झालेला चुनखडक आहे, त्याचें कारण हेंच.

ही टक्कर अजून संपलेली नाहीं. गाडी भिंतीवर आदळली तरी मागून इंजिन रेटा देतच आहे, अशी ही स्थिति आहे. त्यामुळें केवळ हिमालयच नव्हे, तर त्याच्या मागचा सारा देश, अगदीं आपल्या दख्खनपर्यंत, एका दाबाखालीं आहे. श्रोत्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. तिचें काम पुढें पडणार आहे.

शिलारसाचा पूर ओसरण्याच्या सुमारास पश्चिमेस आणखी एक घटना घडली. आपल्या भूमीचा एक भाग तुटून अलग झाला आणि मधल्या फटींत अरबी समुद्र शिरला. तो तुटलेला भाग म्हणजे आजचीं सेशेल्स बेटें. आपल्याकडे राहिलेला तुटका कांठ हळूहळू वर उचलला गेला आणि पठार पूर्वेकडे कललें. म्हणूनच आपल्या नद्यांची चाल अशी विलक्षण आहे. गोदावरी त्र्यंबकेश्वरीं उगवते. तेथून अरबी समुद्र सुमारें ८० किलोमीटरांवर. परंतु ती त्याच्याकडे पाठ फिरवते आणि १,४६५ किलोमीटरांची वाट चालून बंगालच्या उपसागरास मिळते. भीमा आणि कृष्णा यांचीहि तीच कथा.

समुद्राकडचा कडा मात्र प्रथम आजच्यापेक्षां बराच पश्चिमेस होता, असें बहुतेक शास्त्रज्ञांचें मत आहे. पाऊस आणि ओढे यांनीं तो पायथ्याशीं पोखरला, वरचा भाग ढांसळला, आणि कडा मागें मागें सरत गेला. त्यानें मागें टाकलेली जमीन म्हणजे आपलें कोंकण. परशुरामानें बाण मारून समुद्र हटविला आणि कोंकण निर्माण केलें अशी कथा आपण ऐकली आहे. कथा सुंदर आहे. परंतु शास्त्र म्हणतें कीं, कोंकणचा मोठा भाग समुद्रानें दिला नाहीं, तो सह्याद्रीनें दिला.

येथें आपण त्या दुसऱ्या प्रश्नाशीं येऊन पोंचलों. दरी कोणीं कापली ? पृथ्वीच्या पोटांतील शक्ति उभारतात, आणि पोटाबाहेरच्या शक्ति झिजवतात. वैशाखांत कातळ तापतो, रात्रीं निवतो, आणि त्याला बारीक चिरा पडतात. पहिल्या पावसाचें पाणी त्या चिरांत शिरतें. हवेंतील आणि मातींतील आंबट वायु त्यांत मिसळलेला असतो; तो दगडांतील कणांना हळूहळू चिकणमाती करून सोडतो. वाड्याच्या भिंतींत रुजलेला पिंपळ चिरे फोडतो तशीं झाडांचीं मुळें डोंगर फोडतात. घाटांत रस्त्यासाठीं जेथें डोंगर कापलेला आहे तेथें पाहा. कांद्याला असावेत तसे पापुद्रे सुटलेले गोल गोल दगड दिसतील. बाहेरचे पापुद्रे माती होऊन गेले, आंतला गाभा अजून घट्ट आहे. जेथें पाऊस फार आणि पाण्याला वाहून जाण्यास फुरसत असते, तेथें दगडांतील इतर द्रव्यें धुपून जातात आणि लोखंडाचा गंज मागें राहतो. तोच आपला जांभा. महाबळेश्वर-पांचगणीच्या पठारांवर आणि रत्नागिरीच्या सड्यांवर तो पसरला आहे.

मग ओढे आणि नद्या तो चुरा उचलतात; आणि केवळ उचलीत नाहींत, तर त्याचेंच हत्यार करून खालचा कातळ कोरतात. पुणें आणि अहिल्यानगर या जिल्ह्यांच्या सीमेवर निघोज येथें कुकडी नदीच्या पात्रांत मोठमोठे रांजणखळगे आहेत. भोंवऱ्यांत सांपडलेले धोंडे-गोटे पिढ्यान्‌पिढ्या गरगर फिरून काळ्या दगडांत रांजणाएवढे खळगे पाडतात. धोंडा झिजून जातो, दुसरा येतो. काम थांबत नाहीं. रायगडाला मुख्य रांगेपासून तोडून एकाकी उभें केलें, तें काळ आणि गांधारी या नद्यांच्या दऱ्यांनीं. महाराजांच्या राजधानीचा अर्धा तट या नद्यांनींच बांधून ठेवला होता असें म्हटलें तर चालेल.

ही झीज किती सावकाश चालते ? समजा, डोंगर वर्षाला एक-दशांश मिलिमीटर, म्हणजे साधारण केसाच्या जाडीएवढा झिजला. एका जन्मांत कोणाला पत्ता लागणार नाहीं. परंतु १० लक्ष वर्षांत हा केस १०० मीटर होतो. आणि ही झीज म्हणजे नुसता नाश नव्हे. ज्या काळ्या जमिनींत आपली ज्वारी आणि कापूस पिकतो, ती माती म्हणजे कुजलेला काळा दगडच आहे. राजमहेंद्रीच्या खालीं गोदावरीनें जो त्रिभुज प्रदेश घातला आहे, त्यांत सह्याद्रीचा आणि दख्खनच्या पठाराचा गाळ आहे. ‘अहार्य’ म्हणविणारा पर्वत असा कण कण करून हरण केला गेला, म्हणून तर आपण जेवतों.

येथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल, ‘‘मास्तर, हें सारें जर इतकें सावकाश होतें, तर आम्हांला त्याचें काय ?’’ उत्तर असें कीं, कारण सावकाश सांचतें, परंतु कार्य एका क्षणांत होतें. दोरी हळूहळू पिळत गेली तरी तुटतांना ती एकदमच तुटते.

माझें बालपण कऱ्हाडजवळच्या एका खेड्यांत गेलें. ११ डिसेंबर १९६७ च्या पहांटे, चारच्या सुमारास, घरांतील उतरंड कोसळली आणि मी जागा झालों. मी तेव्हां आठ वर्षांचा होतों. आजीनें मला उचलून अंगणांत आणलें. ‘‘शेषानें डोई हलविली’’ असें ती म्हणत होती. कोयनेच्या त्या भूकंपाचें मान ६.३ होतें आणि त्यांत सुमारें १८० माणसें गेलीं. पुढें शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें कीं, धरणाच्या जलाशयांत सांठलेल्या पाण्याचा भार, आणि खोल चिरांतून झिरपलेल्या पाण्याचा दाब, यांमुळें आधींच ताणलेला खडक सरकला. जगांत याचें हें एक प्रमुख उदाहरण मानलें जातें. अलीकडे, २०१७ च्या सुमारास, त्या भागांत सुमारें तीन किलोमीटर खोल छिद्र घेण्यांत आलें. पहिला सव्वा किलोमीटर आपला काळा दगड लागला, आणि त्याखालीं एकदम दोनशें कोटि वर्षांहून जुना ग्रॅनाइट जातीचा खडक. भूकंप होतात ते या जुन्या खडकाच्या चिरांत. आजीचा शेष तेथें आहे !

आतां माझी चूक सांगतों. मोठा होऊन मी मास्तर झालों आणि मुलांना शिकवूं लागलों कीं, ‘‘दख्खनचें पठार हें फार जुनें आणि घट्ट आहे. कोयनेस भूकंप झाला तो धरणामुळें. आपल्या इकडे तशी भीति नाहीं.’’ हें मीं मनचें सांगत नव्हतों. त्या वेळच्या भूकंपप्रदेशांच्या नकाशांत लातूरचा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या श्रेणींत घातलेला होता. पण मीं तें अशा थाटांत सांगितलें कीं, जणूं काय पृथ्वीनें मला लेखी वचन दिलें आहे.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशीं गणपति पोंचवून लोक दमूनभागून झोंपले होते. पहांटे चार वाजण्यास कांहीं मिनिटें असतांना किल्लारीच्या परिसरांत जमीन हादरली. मान ६.२. आमच्या गांवीं भांडीं वाजलीं, एवढेंच; परंतु तिकडे गांवेंच्या गांवें बसलीं आणि सुमारें आठ ते दहा हजार माणसें गेलीं. शाळा पुन्हां सुरू झाली त्या दिवशीं सातवींतील एक मुलगी उभी राहिली. ती म्हणाली, ‘‘गुरुजी, तुम्हीं तर सांगितलें होतें, आपल्याकडची जमीन हलत नाहीं. माझी मावशी तिकडे दिली होती.’’ एवढें बोलून ती खालीं बसली. मला उत्तर सुचलें नाहीं. मीं फळा पुसला आणि गणित शिकवावयास घेतलें.

त्यानंतर मी वाचूं लागलों, तेव्हां मला समजलें कीं माझी चूक नेमकी कोठें होती. धरणानें भूकंप निर्माण केला असें मी समजत होतों. वास्तविक धरण हें निमित्त होतें. ताण होता तो त्या पांच सेंटिमीटरच्या रेट्याचा, आणि तो रेटा किल्लारीच्या खालच्या जुन्या खडकालाहि होता. जो खडक फार जुना तो फार घट्ट, हें खरें; परंतु जो घट्ट असतो तो ताण पुष्कळ काळ सांठवूनहि ठेवतो. पुढें २००२ सालीं नकाशा सुधारला, तेव्हां ती निर्धोक वाटणारी पहिली श्रेणीच काढून टाकण्यांत आली.

आणखी एक गोष्ट समजली, ती अधिक महत्त्वाची. किल्लारीस माणसें भूकंपानें मेलीं नाहींत. तीं घरांनीं मारलीं. चिखलांत बसविलेल्या गोल धोंड्यांच्या जाड भिंती, आणि वर मातीचें जड धाबें. भिंतीचा आंतला पदर आणि बाहेरचा पदर यांना बांधणारे आरपार दगड नाहींत, कोपरे एकमेकांत गुंतवलेले नाहींत, चार भिंतींना कवळणारा पट्टा नाहीं. तेवढ्याच जोराच्या धक्क्यांत नीट बांधलेलें घर तडकतें, परंतु माणसाला बाहेर पडण्यास अवसर देतें. शहरांतील श्रोत्यांनीं यांत ‘तें खेड्यांतलें’ असें समजूं नये. आपल्या इमारतीचे खांब ठिसूळ झालेले असतांना आपण नुसता रंग देऊन समाधान मानतों, तीहि याच जातीची चूक आहे.

झिजवणारी शक्तिहि अशीच एखाद्या क्षणीं आपला हिशेब एकदम चुकता करते. तीच कुजलेल्या दगडाची माती, जी पोसते, ती उतारावर जाड सांचलेली असते. तिच्यांत पाणी मुरलें कीं ती जड होते, आणि खालच्या कातळावरची तिची पकड सुटते. उताराचा पायथा रस्त्यासाठीं किंवा शेतासाठीं कापलेला असला, तर तिला अडविणारें कांहीं उरत नाहीं. ३० जुलै २०१४ रोजीं आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांवावर असाच डोंगर आला आणि सुमारें दीडशें माणसें गाडलीं गेलीं. सकाळीं एस्. टी. ची गाडी घेऊन आलेल्या चालकाला गांव जागेवर दिसेना. त्यानेंच बाहेर खबर दिली. २२ जुलै २०२१ रोजीं महाड तालुक्यांत तळिये, आणि १९ जुलै २०२३ च्या रात्रीं इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी. प्रत्येक वेळीं महिना जुलै, प्रत्येक वेळीं मुसळधार पाऊस, प्रत्येक वेळीं डोंगराच्या कुशींत पिढ्यान्‌पिढ्या निर्धास्त नांदलेलें गांव.

अशा उतारावर ज्यांचें घर आहे, किंवा ज्यांनीं हवा खाण्यासाठीं तेथें नवा बंगला बांधला आहे, त्यांनीं पावसाळ्यांत चार गोष्टी पाहाव्या. वरच्या उताराला नवी आडवी भेग पडली आहे काय ? झाडें किंवा तारेचे खांब कलूं लागले आहेत काय ? जेथें कधीं पाणी नव्हतें तेथें झरा फुटला आहे, किंवा नेहमींचा नितळ झरा गढूळ झाला आहे काय ? कालपर्यंत नीट लागणारें दार आज चौकटींत अडकूं लागलें आहे काय ? यांपैकीं एकहि चिन्ह दिसलें, तर सामानसुमानाचा मोह न धरतां तेथून निघावें आणि शेजाऱ्यांनाहि काढावें. घर पुन्हां बांधतां येतें.

मला दिलेला वेळ संपत आला. डोंगर हलतो हें कळल्यावर मनुष्यानें भिऊन राहावें असें मला सुचवावयाचें नाहीं. ज्या शक्तीनें हा दगड ओतला तिनेंच आपल्याला गड आणि लेणीं दिलीं. जी शक्ति तो झिजवते तिनेंच आपल्याला काळी जमीन दिली. या शक्ति आपल्याशीं वैर करीत नाहींत आणि मैत्रीहि करीत नाहींत. त्यांचा व्यवहार त्यांच्या नियमानें चालतो. तो नियम जाणून घर बांधणें आणि उतार कापणें एवढेंच आपल्या हातीं आहे, आणि तें पुष्कळ आहे.

पुढच्या वेळीं घाटांतून जातांना आपल्या मुलांना खिडकीशीं बसवा आणि त्या रेघा दाखवा. त्यांना सांगा कीं, हा डोंगर समुद्रापलीकडून आला आहे, तो अजून वाटेंत आहे, आणि त्याच्या अंगाखांद्यावर राहणाऱ्यानें त्याची चाल ओळखून राहिलें पाहिजे. त्या मुलीला मीं त्या दिवशीं जें उत्तर दिलें नाहीं, तें हेंच होतें. ती आज कोठें असेल मला ठाऊक नाहीं. कदाचित् तिच्या घरीं हा नभोवाणीचा संच चालू असेल. बाळ, जमीन हलते. मी चुकलों होतों.